दोन दहाची उमरेड गाडी

ये वं बाई, अशी जवळ येऊन बस. दारातूनच "कशी आहेस मावशी" म्हणून पळायची तुझी सवय मला माहीत आहे. चार महिने तोंड दाखवलं नाहीस. फोनवर अंगठा पाठवतेस आणि समजतेस, झाली मावशीची भेट. तो अंगठा मी काय पाटावर बसवून जेवू घालू? राहू दे, रागावले नाही मी. चहाला आधण ठेवलंय, तोवर शेजारच्या मेश्रामभाऊंची गोष्ट ऐक. म्हणजे घड्याळाकडे बघणं तरी बंद होईल तुझं.

मेश्रामभाऊ म्हणजे अख्ख्या प्रताप नगरात घरातल्या घरात एसटी चालवणारा एकटा माणूस.

हसू नको. रोज दुपारी दोन वाजता हा सहासष्ट वर्षांचा माणूस खाकी शर्ट घालतो, वरच्या खिशावर ड्रायव्हरचा जुना बिल्ला लावतो आणि टेबलासमोर बसतो. टेबलावर लॅपटॉप. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं प्लास्टिकचं स्टिअरिंग. खाली पायांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर. बरोबर दोन दहाला दोरीची घंटा वाजते, टण टण, आणि आमच्या भिंतीपलीकडून गाडी निघते. नागपूर ते उमरेड, मार्गे दिघोरी, पाचगाव, चांपा. तीस वर्षं ह्याच रस्त्यावर गाडी चालवून माणूस रिटायर झाला, आणि रिटायर झाल्यावर पुन्हा त्याच रस्त्याला लागला.

लॅपटॉपही साधा नाही. हा बसचा गेम साध्यावर चालत नाही, असं दुकानदार म्हणाला, म्हणून गेम खेळणारी कॉलेजची पोरं घेतात तसला घेतला. त्याच्या बटणांखालून लाल, हिरवे, निळे दिवे पळतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, गणपतीचा मंडपच उचलून टेबलावर ठेवलाय.

आणि त्या गेममधला रस्ता कुठला म्हणशील? कुठल्या तरी गार देशातला. टोकदार छपरांची घरं, कडेला बर्फाचे ढीग. मी एकदा म्हटलं, "भाऊ, हे काही उमरेड वाटत नाही."

"तुमची नजर नवीन हाये, ताई," ते म्हणाले. "तो पेट्रोल पंप दिसते ना, ते पाचगाव. तो पूल गेला का चांपा. अन् ते उंच टोकाचं छप्पर दिसलं का समजा उमरेडचा डेपो."

"अन् हा बर्फ?"

"कापूस सांडला समजा."

आता असल्या माणसाशी काय वाद घालायचा?

त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे. मी नवीन मिक्सर आणला, तर नमस्कार-चमत्काराच्या आधी, "लोडवर पाह्यला का?" सुनेनं नवी सायकल घेतली, "लोडवर पाह्यली का?" तुझं लग्न जमलं तेव्हा मी पेढे द्यायला गेले, तर पेढा हातात धरून म्हणतात, "जावई लोडवर पाह्यला का, ताई? रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते. पन्नास पॅसेंजर भरा, चढावर घ्या, मंग सांगा." आणि साखरपुड्याच्या दिवशी त्यांनीच तुझ्या नवऱ्याला भरलेलं गॅस सिलिंडर गच्चीवर न्यायला लावलं होतं. तुला वाटलं घरात गरज होती. गच्चीवर कोण स्वयंपाक करतं गं?

तर हा लॅपटॉप दिवाळीत आला आणि थंडीभर गुमान पळाला. होळी झाली, ऊन तापलं, आणि त्यानं चांप्याला बंद पडायला सुरुवात केली. दिघोरी ठीक, पाचगाव ठीक, पूल आला की पडदा काळा. रोज. भाऊ पुन्हा सुरू करायचे, पुन्हा दिघोरीपासून निघायचे, पुन्हा चांप्याला काळं. डेपोत ड्रायव्हर गाडीची तक्रार रजिस्टरमध्ये लिहून देतो ना, तसं त्यांनी लांबलचक रजिस्टरच आणलं आणि रोज तक्रार लिहू लागले.

मला ह्या सगळ्याचा राग होता, ते आधी सांगते. भाऊंची बायको, आपली शकुवहिनी, दोन वर्षांपासून पडून आहे. लकवा मारला. उजवी बाजू हलत नाही, बोलणं एकेक शब्द शोधून. आणि हा माणूस ऐन तिच्या खोलीत, तिच्या पलंगापाशी, रोज दुपारी घर्र घर्र करत गाडी पळवतो! एकदा मी न राहवून बोललेच, "भाऊ, बाई आजारी अन् तुम्ही खेळून राहिले? तुमचं टेबल बाहेरच्या खोलीत काहून नाही नेत?"

त्यांनी मान खाली घातली. "आवाज कमी करतो, ताई," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी दोन दहाला टण टण. मी त्यांना दगड ठरवून टाकलं. ठरवलं ते ठरवलं, चार घरी सांगितलंही.

तरी एप्रिलात ते दारात आले आणि म्हणाले, "ताई, गाडी वॉरंटीत दाखवाची हाये. तुम्ही चाला संग. ड्रायव्हर एकटा बोलला तर कोणी ऐकत नाही, साक्षीदार लागते." नाही म्हणायची मला सवय नाही. सुनेला वहिनीजवळ बसवलं आणि निघाले.

सर्व्हिस सेंटर म्हणजे नुसता गारवा. बाहेर अंगाची लाही आणि आत मला पदर अंगाभोवती घ्यावा लागला. काउंटरवर पल्लवी नावाची मुलगी. तिनं लॅपटॉप दहा मिनिटं चालवला. "काका, चांगला चालतोय."

"चालते तर. लोडवर पाह्यला का?"

"टेस्ट केली ना, काका."

"चांप्यापर्यंत गेला का?"

पल्लवीनं आपल्या कम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "चांपा कितवं व्हर्जन आहे, काका?"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता साक्षीदारानं बोलावं. आठ दिवस सेंटरवाल्यांनी लॅपटॉप ठेवून घेतला आणि परत देताना कागद दिला, 'दोष आढळला नाही.' भाऊंनी तो कागद रजिस्टरमध्ये ठेवला. संध्याकाळी म्हणाले, "आमच्या डेपोत मेकॅनिक ड्रायव्हरच्या बाजूले बसून ट्रायल घेत होता, ताई. मंगच गाडी लाइनवर. ह्यांनी तर गाडी जाग्यावरच सुरू करून पाह्यली."

मग त्यांनी स्वतःच उपाय केला. नागपूरच्या माणसाला काही तापलेलं दिसलं की दुसरं काय सुचणार? कूलर! नवी खस भरली, टाकी काठोकाठ भरली, आणि तो ढोल्या कूलर बरोबर लॅपटॉपच्या तोंडासमोर लावला. दोन दिवस गाडी पुलापलीकडे गेली म्हणे. भाऊ गल्लीतून असे फिरत होते, जसं काही उन्हाळाच त्यांनी दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी बटणं चिकटायला लागली, आणि चांप्याला पुन्हा काळं.

पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा मी साक्षीदार. पल्लवीनं लॅपटॉपची पाठ उघडली आणि आतली नखाएवढी पट्टी दाखवली. "काका, ही पांढरी असते. गुलाबी झाली म्हणजे आत ओल गेली. आता वॉरंटीत बसत नाही."

मी भाऊंच्या दंडाला चिमटा काढला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पाणी? कुठलं पाणी? हे म्हणाले, "बरोबर हाये. कूलर लावला होता. मीच लावला." मी कपाळावर हात मारून घेतला.

"पण कूलर लागला मे महिन्यात," भाऊ म्हणाले, "अन् गाडी तर होळीपासून बंद पडून राहिली. हे पाहा." आणि त्यांनी रजिस्टर तिच्यासमोर उघडून ठेवलं.

एकेका दिवसाची एकेक ओळ. तारीख, सुटायची वेळ, बंद पडली ते ठिकाण, हवेचं तापमान, प्रवासी, शेरा. पल्लवी बोट फिरवत वाचत होती. चांपा, चांपा, चांपा. मग तिचं बोट थांबलं.

"काका, तुम्ही एकटेच खेळता ना? मग हे रोज प्रवासी एक, प्रवासी एक, हे कोण?"

बिल्ला नसलेल्या खिशावरून मेश्रामभाऊंनी उगाच हात फिरवला.

"हाये एक," ते म्हणाले. "माह्या मागच्या पहिल्या सीटवर बसते. तिले उमरेडले जाचं असते."

मी मान वाकवून शेऱ्याचा रकाना वाचला. 'चांप्याला बंद. प्रवासी नाराज.' 'चांप्याला बंद. प्रवासी भिंतीकडे तोंड करून झोपली.' 'चांप्याला बंद. प्रवासी म्हणाली, राहू द्या.'

अगं, शकुवहिनीचं माहेर उमरेडचं. तिच्या बापाचा तिथं हातमाग होता, आता तिचा भाऊ राहतो. जन्मभर ती माहेरी गेली ती नवऱ्याच्याच गाडीत, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून. लकवा झाल्यावर तो भाऊ म्हणाला, अँब्युलन्सनं घेऊन या. तेव्हा मी तिथंच होते. तिनं शब्द गोळा करून करून सांगितलं होतं, "आडवी... नाही जात. बसून... जाईन." मला तेव्हा तो आजारी माणसाचा हट्ट वाटला. ह्या माणसानं मात्र तो ऐकून ठेवला होता.

त्या गारव्यात माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या बघ. चार घरी काय काय बोलून आले होते मी!

पल्लवीनं रजिस्टर मिटलं. "चला काका, लोडवर पाहू."

"कुठं?"

"बाहेर. इथं एसीत तुमचा चांपा यायचा नाही."

मे महिना, दुपारचे बारा. पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप, चौकीदाराच्या खोलीतून ओढलेली वायर, आणि मी छत्री धरून. स्वतःवर नाही गं, पडदा दिसावा म्हणून लॅपटॉपवर! भाऊ उभ्यानं बटणांवर गाडी चालवत होते आणि पल्लवीला सांगत होते, "हे दिघोरी. हे पाचगाव आलं. आता पाहा." पूल आला. पडदा काळा.

पल्लवीनं ओढणीनं घाम पुसला आणि लॅपटॉपच्या कुशीला कान लावला. मग परत तिथंच पाठ उघडून बारक्या पेचकसानं पंखा ढकलून पाहिला. तो हलला नाही. "पंख्याचा दांडाच अडकलाय, काका. घासून घासून झिजलाय, हे ओलीचं काम नाही. एसीत तेवढ्या वेळात लॅपटॉप तापलाच नाही, म्हणून आम्हाला कळलं नाही. चुकलं आमचं."

आत जाऊन तिनं तिच्या साहेबांशी वाद घातला. साहेबांचं एकच, ओल म्हणजे ओल. ही म्हणाली, "सर, काकांनी पंधरा मिनिटं उन्हात उभं राहून दाखवलंय. तुम्हीपण या बाहेर." साहेब काही बाहेर आले नाहीत, पण पंखा वॉरंटीत बदलायला कबूल झाले. चिकटलेल्या बटणांचं तुम्हीच बघा म्हणाले. भाऊ म्हणाले, "बटणाचा गुन्हा माहा हाये, तो माह्याकडे."

लॅपटॉप घरी आला, त्या दुपारी त्यांनी मला बोलावलं. दोन वाजताच गेले. पाहते तर शकुवहिनीला तीन उशा लावून बसवलेलं, वेणी घातलेली, जरीकाठाची साडी, डोक्यावर पदर, मांडीवर तिची जुनी रेक्झिनची पिशवी. मला तिच्या बाजूचं स्टूल मिळालं. भाऊंनी मागं वळून विचारलं, "बसले का सगळे?"

आणि टण टण झालं. इतके दिवस मला वाटायचं, घंटा भाऊच वाजवतात. ती दोरी छताच्या कडीतून फिरून पलंगाशी आली होती, आणि तिचं टोक वहिनीच्या डाव्या हातात होतं.

दिघोरी गेलं. पाचगावला हॉर्नचं बटण चिकटलं आणि भोंगा लांबच लांब वाजत राहिला. वहिनी तोंडातल्या तोंडात हसली. "म्हैस," म्हणाली. भाऊंच्या पाठीलाही हसू आलं. कुठली म्हैस, कधीची म्हैस, ते त्या दोघांनाच ठाऊक, मी विचारलं नाही.

पूल आला. नवा पंखा घुं घुं करत होता. पूल गेला. चांपा गेला, बाई!

टोकदार छपरापाशी भाऊंनी गाडी उभी केली. दार उघडल्याचा फुस्स आवाज आला. ते मागं वळले नाहीत, समोरच पाहत बसले. आणि वहिनीनं डावा हात वर नेला, हळूहळू, दोनदा थांबून, आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर पाडला. माहेरच्या गावात पदर कोण घेतं?

मग भाऊंनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'उमरेड. वेळेवर. प्रवासी : दोन.'

पुढचे चार दिवस मी गल्लीभर फिरून माझंच बोललेलं परत गोळा केलं. कोणी हसलं, कोणी म्हणालं, आम्हाला ठाऊक होतं. होतं तर मला सांगायचं ना!

घे, चहा घे. बिस्किट बुडव, मऊ आहे. आणि आता अशी उभ्या उभ्या येऊन जाऊ नकोस, लवकर ये, पोटभर बसायला ये. दोन दहाच्या आत ये, गाडी थांबत नाही. वहिनीशेजारी जागा धरून ठेवते तुझी. नवऱ्यालाही आण. भाऊ म्हणतात, नव्या पंख्यावर गाडी अजून लोडवर पाह्यली नाही.