वानखडे सरांचं गणकयंत्र

खोक्यात बसून मी तीनचे आधी दहा केले आणि थोड्या वेळाने त्याच तीनचे नऊ. मराठीच्या मास्तराने गणिताच्या खोक्यात बसू नये, हे मला त्यानंतर सुचलं.

खोकं वानखडे सरांचं. मालेगावात आमच्या शाळेत ते अकरावीला गणित शिकवत आणि शाळेमागे एकटेच खोली करून राहत. नागपूरच्या शिबिरात त्यांनी कॉम्प्युटरबद्दल ऐकलं होतं. पाहिला नव्हता, म्हणून श्रद्धा अपार. त्यांचा हट्ट एकच. "एकाले एकच." एका आकड्याला एकच उत्तर, तेच फलन. हॉटेलातही तेच. "काल गोड, आज फिक्का. काहून बा?" त्यांना लांबून पाहूनच चहावाला साखर मोजायला घेई.

फलन वर्गाच्या डोक्यात शिरेना, कुसुमच्या तर नाहीच. तिचा बाप शाळेतून तिचं नाव काढायला निघाला होता. सर त्याच्या गावी जाऊन हात जोडून आले, "शनिवारपर्यंत थांबा."

मग त्यांनी प्रयोगशाळेच्या सामानाचं खोकं आणलं, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात त्या रंगाने रंगवलं आणि दोन फटी पाडल्या. एकीतून आकड्याची चिठ्ठी आत, दुसरीतून उत्तर बाहेर. मधलं यंत्र मी. तिप्पट करायची, एक मिळवायचा. पोरांनी उत्तरांवरून नियम ओळखायचा.

शनिवारी कुसुमचा बाप पहिल्या बाकावर. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात माझ्या पायजम्यात मुंगळा शिरला. मी "अगं आई" म्हणालो, आणि एक मिळवायचा राहिला.

नऊची चिठ्ठी बाहेर पडली. मग कुसुम म्हणाली, "सर, मी मुद्दाम दुसऱ्यांदा तीनच टाकले. एकाले एकच देते का, पाहून राह्यली होती. मघाशी दहा, आता नऊ. हे फलन नाही."

फटीतून दिसलं, सर सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते, आणि पुसतच राहिले.

"काय म्हन्ते पोरगी?" बापाने विचारलं.

"बरोबर म्हणते." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "माह्याहून बरोबर."

"अन् आत कोन हाय?"

"मराठीचे सर."

बाप उठला, टोपी डोक्यावर बसवली.

"पोरगी राहू द्या, सर. नाव काढाचंच असन तं आतल्याचं काढा."