मंजुळेची न थांबणारी घंटा

एका जंगलात, मुलांनो, रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, पण कॉम्प्युटर कॉलेज होतं. तिथे मंजुळा नावाची भेकरी असेंब्ली शिकायची.

असेंब्ली म्हणजे थेट यंत्राला कळणारी भाषा. यंत्र आज्ञाधारक, पण अकलेच्या नावाने शून्य. त्याला 'चहा कर' म्हणून भागत नाही. पातेलं उचल, पाणी ओत, चूल पेटव, असं एकेक सांगावं लागतं. मंजुळेला ते काही जमेना. तिला एकच सूचना मनापासून आवडायची. 'जंप', म्हणजे मागच्या ओळीवर उडी मार. भेकरीच ती.

परीक्षा आली. साळिंदर सर म्हणाले, "स्नेहसंमेलनात सिंहमहाराजांच्या भाषणाआधी यंत्राने घंटेचे तीन ठोके द्यायचे. प्रोग्रॅम तू लिही. चुकलीस तर नापास."

महाराजांची भाषणं जंगलाला ठाऊक होती. मागच्या वर्षी भाषण ऐकून कासवसुद्धा पळत सुटलं होतं.

मंजुळेने जीव ओतून लिहिलं. तीन हा आकडा घे. ठोका दे. आकडा शून्य झाला नसेल तर जंप. दर ठोक्याला एक वजा करायची ओळ तेवढी राहून गेली.

महाराज माइकपाशी आले. घंटा तीनदा वाजली. मग वाजतच राहिली.

"प्रिय प्रजाजनहो," टण्ण. "आपलं हे जंगल," टण्ण.

"साळिंदर, थांबवा ते."

"महाराज, यंत्राचे तीन काही केल्या संपत नाहीत."

महाराजांनी संध्याकाळपर्यंत कळ काढली. मग कानांवर पंजे ठेवून गुहेत निघून गेले.

मंजुळा झुडपामागे रडत होती. प्रजेने तिला शोधून काढलं, खांद्यावर घेतलं आणि कोवळ्या गवताचा हार घातला. रानडुकरं तर नाचलीच.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. "सर, म्हणजे मी पास ना?"

"नापास."

"पण सगळे किती खूश आहेत."

"म्हणून तर," सर म्हणाले. "पहाटेपासून सगळं जंगल माझ्या दारात बसलंय. तू पास होऊन गेलीस तर पुढच्या वर्षी घंटा कोण वाजवणार?"

मंजुळा हारातलं उरलेलं गवत चावत बाहेर पडली. मग जाऊन त्याच वर्गात, त्याच बाकावर बसली.

तात्पर्य: मुलांनो, सगळं बिनचूक लिहा, म्हणजे पास होऊन निघून जाता येईल. ज्याच्या चुकीने लोकांचं भलं होतं, त्याला लोक पुढच्या वर्गात जाऊ देत नाहीत.