बीमचे संस्कार

चिपळूणच्या नव्या वाचनालयासाठी आणलेला बारा मीटरचा पोलादी बीम वडीलधारी माणसं समोर आली की वाकत असे. तरुणांसमोर तो सरळ असायचा. मी साइट इंजिनिअर, वय पंचवीस. मी दोरी ताणून मोजलं तेव्हा बाक चार मिलिमीटर भरला. या लांबीला बारापर्यंत सूट असते. सल्लागार अभियंता केळसकरसाहेब साठी ओलांडलेले. ते मोजायला आले की बाक वीसवर जाई.

सही त्यांचीच लागते. संध्याकाळी क्रेन परत जाणार होती आणि तोवर सही झाली नाही तर बीम भंगारात.

मी साहेबांना म्हटलं, लांब उभे राहा, आकडा मी वाचते. ते म्हणाले, मोजमाप मी आजवर कुणावर सोडलेलं नाही. वाकण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. हल्लीच्या मुलींपेक्षा या बीमवर संस्कार चांगले झालेत, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. पण संस्कार वेगळे आणि सूट वेगळी. नापास तो नापास.

ते चहाला गेल्यावर मी बीमला खडसावलं. "तुझ्या डोक्यावर छप्पर यायचंय. वाकतोस काय?"

"ताई, मोठ्यांसमोर ताठ राहणं बरं दिसत नाही."

"भंगारात बरा दिसशील?"

"सवय जात नाही हो. खाणीत होतो तेव्हापासूनची आहे."

"खाणीत कुणासमोर वाकायचास?"

"वर डोंगर होता ना. माणसं फार नंतर आली."

साहेब परतल्यावर मी त्यांना विचारलं, नमस्कार लहानाने मोठ्याला करायचा की मोठ्याने लहानाला? हा काय प्रश्न झाला, असं ते म्हणाले. मग मी बीमचं वय सांगितलं. साहेबांनी बीमला विचारून खात्री करून घेतली. त्याने संकोचत होकार दिला.

साहेब तत्त्वाचे पक्के. त्यांनी सेफ्टी बूट काढले, हेल्मेट बाजूला ठेवलं आणि बीमला वाकून नमस्कार केला. बीम इतका गांगरला की ताठ झाला.

आशीर्वाद मिळेपर्यंत उठायचं नाही, ही केळसकरांच्या घरची रीत. बीम काही बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांब. घाई करू नकोस."

मी दोरी ताणली. साहेब वाकलेलेच होते, त्यामुळे त्यांना आकडा जवळून दिसला. चार. मी कागद पुढे केला. त्यांनी तशाच अवस्थेत सही केली, खाली तारीखही घातली. मग मी बीमकडे पाहून मान हलवली.

"सुखी राहा, बाळ," बीम म्हणाला.

साहेब उठले. कमरेत थोडा बाक राहिला, पण त्या वयाला तेवढी सूट असते.