मुत्सद्द्याच्या हातातला पंखा

राष्ट्र थोर व्हायचं तर त्याला एखादा मुत्सद्दी लागतो, आणि मुत्सद्दी थोर व्हायचा तर त्याची तसबीर भिंतीवर लागावी लागते. मधल्या काळात त्याने काय केलं, हा तपशील गौण आहे.

सरकारी चित्रसंग्रहालयाचे अभिरक्षक या सिद्धांताचे निष्ठावंत होते. राष्ट्रातल्या सर्वांत थोर मुत्सद्द्याची जुनी, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं त्यांच्या ताब्यात होती. सगळ्या चित्रांत मुत्सद्दी खुर्चीला रेलून उभा, नजर भविष्याकडे (म्हणजे डावीकडे), अंगात पायघोळ झगा, कंबर मुठीत मावेल एवढी आणि हातात पिसांचा नाजूक पंखा. कंबर हे काटकसरीचं प्रतीक आहे, हे आधीच्या विद्वानांनी ठरवून टाकलं होतं. पंखा शिल्लक होता, त्यावर अभिरक्षकांनी डॉक्टरेट मिळवली. तापलेली सभा थंड करणं हे पंख्याचं राजकीय कार्य, असं त्यांनी साधार सिद्ध केलं (सभासद झोपले होते, पण ते परिशिष्टात). तेव्हापासून मंत्री हातात पंखा धरूनच शपथ घेत. विरोधी पक्ष तत्त्वाचा प्रश्न म्हणून घडीचे पंखे वापरी.

पुढे प्रदर्शन ठरलं. अभिरक्षकांची बढतीही त्याच्याबरोबर ठरली. तयारीसाठी तळघर उपसताना त्यांना आणखी एक छाप सापडली. तीच खुर्ची, तोच झगा, तोच पंखा. डोकं मात्र त्या काळच्या एका गाजलेल्या नटीचं, आणि खाली साल मुत्सद्द्याच्या चित्रांआधीचं. प्रकार उघड होता. बाईंची चलती संपली, मुत्सद्द्याची सुरू झाली, तसं कारागिराने पत्र्यावरचं एक मुंडकं खरवडून दुसरं बसवलं. तांबं महाग होतं.

अभिरक्षकांच्या पायाखालची वाळू सरकली. प्रबंध गेला, बढती गेली, उरलीसुरली अब्रूही जाणार. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मी लग्न झाल्या झाल्याच म्हणाले नव्हते, की हा कमरेखाली बाई वाटतो म्हणून? तेव्हा तुम्ही मला अडाणी ठरवलंत."

"आता काय करू ते सांग ना!"

"खरं सांगून टाका. नाहीतर जेवून घ्या."

ते जेवले. तरीही सकाळी सद्सद्विवेकबुद्धी जागीच होती, म्हणून दोन्ही चित्रं घेऊन ते संचालकांपुढे उभे राहिले. संचालकांनी चष्मा वर केला, खाली केला.

"वा! म्हणजे ही नटी आपल्या मुत्सद्द्याची नक्कल करायची!"

"पण साहेब, नटीचं चित्र आधीचं आहे."

"हेच तर म्हणतोय मी! त्यांचा प्रभाव इतका दांडगा, की ते यायच्या आधीच पडायला लागला होता."

अभिरक्षकांचा जीव भांड्यात पडला. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लागली, बढती झाली, प्रबंधाची वाढीव आवृत्ती निघाली. प्रदर्शनाला लोटलेले लोक चित्रांपुढे उभे राहून माना डोलावत, "पकड बघा पंख्याची, हुबेहूब!"

सुज्ञ वाचक या भोळ्या लोकांना हसले असतीलच. मुत्सद्द्याचं धड मुत्सद्द्याचं नव्हतं, हे वाचकांनी केव्हाच ओळखलं. पण डोकं तरी त्याचंच होतं, हे त्यांना कुणी सांगितलं? हा प्रश्न आजवर कुणीच विचारलेला नाही, आत्तापर्यंत तुम्हीसुद्धा नाही. अभिरक्षकांना शांत झोप लागते ती तुमच्याच जिवावर.