बी गटाचे आजोबा

दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या बाजारात माझं चिकट वस्तूंचं दुकान आहे: गोंद, टेप, लेबलं. धंदा मला कुणी शिकवला नाही. बोटं चिकटत गेली, तशी अक्कल येत गेली. सूनबाईंनी नोकरी धरली आणि नातीला, दा-ओनला, रोज पाळणाघरात सोडायचं काम माझ्या व्हॅनकडे आलं. तेव्हा मी ठरवलं, पोरीच्या सीटवर एक झकास लेबल लावायचं. उद्या अपघात झाला, आम्ही दोघंही बेशुद्ध, तर सोडवणाऱ्याला कळायला नको, पोर कुणाची ते? नाव, वय, पीच खाल्लं की अंगावर पित्त उठतं, आजोबांचा (म्हणजे माझा) फोन नंबर. आणि रक्तगट: बी.

"विचारलंत कुणाला?" बायको म्हणाली. तिचं नाव मल-सून.

"विचारायचं काय त्यात? परवा मला चमचा फेकून मारला तिनं. अस्सल बी! माझ्यावर गेलीय."

(आमच्याकडे रक्तगटावरून स्वभाव ओळखतात, लग्न जुळवतानाही विचारतात. बी म्हणजे हट्टी, बेधडक. ए म्हणजे भित्रा, काळजीखोर. मी स्वतः कधी तपासून घेतलं नाही, पण वडील बी होते, म्हणून मीही बाजारात बी म्हणूनच छाती काढून फिरत आलो.)

संध्याकाळी सूनबाईंनी, ह्ये-रिमनं, लेबल वाचलं. ती आवाज चढवत नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटते.

"बाबा, दा-ओन ओ गटाची आहे. जन्मली तेव्हाच तपासलंय. हे बदलेपर्यंत ती या सीटवर बसणार नाही."

मी लेबल काढायला गेलो. निघेना! 'जन्मभर सुटणार नाही' असं मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. ते नेमकं त्या दिवशी खरं निघालं. नखं झाली, सुरी झाली, सीटचं कापड फाटायची वेळ आली. शेवटी मल-सूननं हेअर ड्रायर आणला, लेबल गरम केलं आणि केळ्याचं साल काढावं तसं सोलून हातात दिलं.

"पण आमच्या घराण्यात ओ आला कुठून?" मी गुरगुरलो.

"तुम्ही तरी बी कशावरून?"

"दाखवतोच तुला!"

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या तोंडाशी रक्तदानाची बस उभी होती. मी ताठ मानेनं आत शिरलो, मागून मल-सून आणि शेजारची मासेवाली च्वेकाकू. मी बेधडक बोट पुढे केलं. नर्सनं सुई टोचली. मी कधी आडवा झालो, ते मला नंतर बायकोकडून कळलं.

डोळे उघडले, तर तोंडात चॉकलेटचं बिस्किट होतं आणि नर्स सांगत होती, "आजोबा, तुम्ही ए."

"मशीन बिघडलंय," मी पुटपुटलो.

"मशीन उभं आहे हो," च्वेकाकू म्हणाली, "माणूस आडवा पडलाय!"

मल-सूननं शांतपणे आपलं बोट पुढे केलं. पापणीसुद्धा हलली नाही. ती निघाली बी.

मी पडल्या पडल्या विचार केला. घाऊक व्यापारी भाव वाढवायला आला, की मी 'आता बघतोच याला' म्हणून मल-सूनला गल्ल्यावर बसवून आत चहा टाकायला जातो. चहा होईपर्यंत भाव उतरलेला असतो. तो उतरवतं कोण, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडलाच नव्हता. काय बाई आहे!

संध्याकाळी मी सुनेपुढे मान खाली घालून उभा राहिलो. "आता भित्र्या माणसाबरोबर कशाला पाठवशील पोरीला?"

"बाबा, गाडी सुरू करायच्या आधी तुम्ही तिचा पट्टा तीन-तीनदा ओढून बघता. मागचे हॉर्न मारून दमतात, तरी पिवळ्या दिव्याला थांबता. म्हणून तर पाठवते! बी माणसाच्या गाडीत बसवली असती का मी तिला?"

तेवढ्यात मल-सूननं नवं लेबल लावलं. नाव, वय, पीच, ओ. फोन नंबर मात्र तिचा.

"माझा नंबर का काढलास?"

"तुम्हीच म्हणालात ना, अपघातात दोघंही बेशुद्ध? मग फोन उचलणार कोण? तुमचा खिसा?"

मी लेबल नीट चिकटलंय ना, ते तीनदा दाबून पाहिलं.