बॅटरीतून निघालेले सदुभाऊ

सदुभाऊ डोळे मिटून बसले असले की त्यांना हाक मारायची नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते झोपलेले नसत, जपही करत नसत. ते वाटेत असत. अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर मांडी घालायची, उजव्या हाताचं बोट हवेत हळूहळू पुढे सरकवायचं आणि पुटपुटायचं, "निघालो... बॅटरीतून निघालो... फ्यूजपाशी आलो... इथं जरा गर्दी आहे..." मध्येच कोणी बोललं की डोळे उघडून फार दुःखी चेहऱ्यानं म्हणत, "झालं! आता पुन्हा बॅटरीपासून निघा लागते."

म्हणजे त्या वेळी सदुभाऊ स्वतः करंट झालेले असत.

ऐंशीच्या दशकातलं सौंसर. आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर, घरं भिंतीला भिंत लागून. मी मराठी शिकवायचो, ते भूगोल. नागपूर आणि छिंदवाडा यांच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. पण वर्गात नकाशावर बोट ठेवून एखाद्या नदीच्या उगमापाशी उभे राहिले की तास संपेपर्यंत समुद्राला पोचायचे. अर्धी मुलं झोपून जायची. उरलेली त्यांच्याबरोबर गेलेली असायची, त्यामुळे वर्ग फार शांत असे आणि आमचे हेडमास्तर त्यांच्यावर खूश असत.

हा करंट ज्या मोटारीतला, ती त्यांच्या सासऱ्यांची. सासरे पांढुर्ण्याचे, संत्र्यांचे मोठे बागवाले. त्यांनी हौसेनं घेतलेली विलायती मोटार ते गेल्यावर कापसाच्या कोठ्यात पडून राहिली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. मेव्हण्यानं ती भंगारात द्यायचं ठरवलं तेव्हा सदुभाऊ एवढंच म्हणाले, "मला द्या." ट्रॅक्टरला बांधून ती सौंसरला आली. स्टीअरिंगवर सदुभाऊ बसले होते आणि रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला हात दाखवत होते. मागच्या काचेतून एक कोंबडीही बघत होती म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

इंजिन एका मिस्त्रीनं सुरू करून दिलं. रंग मात्र सदुभाऊंनी स्वतः दिला. उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्यात गेली. दिवे काढले, स्क्रू काढले, एकही कोपरा सोडला नाही, मग सगळं जागच्या जागी बसवलं. मोटार दुधावरच्या सायीसारखी दिसायला लागली आणि त्याच दिवसापासून तिचे दिवे बिघडले. डावीकडे वळायचा दिवा लावला की मागचे लाल दिवे डोळे मिचकावत. हॉर्न वाजवला की पुढचे दिवे लाजल्यासारखे मंद होत. ब्रेक दाबला की काय होईल ते कोणीच सांगू शकत नसे.

"तिला काही तरी सांगायचं आहे," सदुभाऊ म्हणत.

बसस्टँडजवळचा वायरिंगवाला आला. त्यानं इकडून तिकडे नव्या वायरी ओढल्या आणि दोन दिवसांत पुढचे-मागचे सगळे दिवे ताळ्यावर आणले. राहिला फक्त छताला आतून बसवलेला, बशीएवढा एक दिवा. तो काही केल्या लागेना. वायरिंगवाला म्हणाला, "सदुभाऊ, याचं काय काम आहे? काढून टाकतो, भोक बुजवून देतो."

सदुभाऊंना रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ओरडले नाहीत. त्याच्या हातातला पेचकस काढून घेतला आणि म्हणाले, "चहा घ्या अन् जा."

तेव्हापासून त्यांचं ते डोळे मिटून फिरणं सुरू झालं. गळ्यात दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब, डॉक्टरांच्या नळीसारखा. वायरीत करंट आहे की नाही ते त्यानं बघायचं. हा बल्ब एकदा शाळेतही गळ्यात राहिला. हेडमास्तरांनी बोट दाखवून विचारलं, "हे काय होय?" सदुभाऊ म्हणाले, "तपासून राहिलो." हेडमास्तरांना वाटलं मुलांना तपासून राहिले. ते समाधानानं निघून गेले.

बल्ब बदलला. वायर तपासली, तिच्या टोकापर्यंत करंट येत होता. तरी दिवा अंधारा. "मी तर पोहोचून राहिलो मास्तर," ते मला अगदी हरवल्या आवाजात सांगत. "दरवाज्याच्या खांबातून वर चढतो, छतात शिरतो, बल्बपाशी पोहोचतो. मग उजेड काहून पडत नाही?"

"आतला दिवा हवा कशाला तुम्हाला?" मी विचारी. "रस्ता बाहेर असते."

यावर ते हसत आणि पुन्हा डोळे मिटून बॅटरीपाशी जात.

त्यांची बायको, नलूवहिनी, बोलायला मोजकी. लग्नानंतर काही वर्षांनी टायफॉइड झाला आणि त्यात तिचे दोन्ही कान गेले. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती सगळं ओळखायची. इतकं बिनचूक, की नवा माणूस घरी येऊन गप्पा मारून जाई आणि त्याला काही कळतही नसे. आम्हीही तिच्याशी बोलताना तोंड समोर ठेवायचं, एवढंच लक्षात ठेवायचो, आणि पुढे पुढे तर तेही आपोआप व्हायचं.

एका रविवारी सदुभाऊ बाजेवर असेच वाटेला लागलेले. वहिनी चहा घेऊन समोर उभी. हाक मारायची नाही म्हणून ती त्यांच्या ओठांकडे बघत थांबली. मी कुंपणाशी. "...छतात शिरलो... पोहोचलो," सदुभाऊ पुटपुटले आणि उसासा टाकून त्यांनी डोळे उघडले.

"रोज पोहोचता," वहिनी म्हणाली. "अन् वापस कसे येता?"

"अं?"

"जाते तो वापस येते का नाही? तुम्ही तिथंच बसून राहता. चहा थंडा होऊन राहिला इथं."

सदुभाऊंनी कप हातात घेतला, तसाच बाजेवर ठेवला आणि मोटारीकडे चालू लागले. आम्ही दोघं मागोमाग. बॅटरीकडे परतायची करंटची वाट म्हणजे मोटारीचं अंगच, सगळं लोखंड. आतला दिवा छताला ज्या स्क्रूनं धरला होता तो त्यांनी काढला. खाली सायीसारखा सुंदर रंग. लोखंड कुठं दिसेचना. परत निघालेला करंट त्या रंगाशी येऊन अडत होता.

"रंग तर मीच दिला ना बाप्पा," ते हळूच म्हणाले.

काचपेपरनं तेवढी जागा घासली, स्क्रू परत पिळला. दिवा लागला. भर दुपारी, काचा वर करून, सदुभाऊ आत बसून तो लावत होते आणि विझवत होते. वहिनीनं चहा पुन्हा गरम केला.

त्या हिवाळ्यात वहिनीच्या भाचीचा साखरपुडा पांढुर्ण्याला ठरला. मोटारीतून मलाही नेलं. वहिनी माहेरी गेली तरी दिवस बुडायच्या आत सौंसरला परतायची, हे मी वर्षानुवर्षं पाहत होतो. बसची अडचण असेल असं मला वाटायचं. त्या दिवशी जेवणं लांबली. वहिनी सारखी अंगणातल्या उन्हाकडे बघत होती. ऊन भिंतीवर चढलं तशी ती पदर सावरून उठली. सदुभाऊ तिच्यासमोर येऊन म्हणाले, "बस ना आरामात. भाचीजवळ बस. काही घाई नाही."

निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. ते दोघं पुढे, मी मागे, कोंबड्यांच्या जुन्या जागेवर. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, आंबिया बहर फुललेला. वास असा भरून आला होता की मोटार त्यातून तरंगत चालल्यासारखी वाटे. हळूहळू पुढच्या दोघांच्या नुसत्या आकृत्या उरल्या. वहिनी खिडकीकडे सरकून, हात मांडीवर धरून, अगदी गप्प बसली होती. अंधार झाला की तिच्यासाठी सगळं जग मुकं होत असणार, हे इतक्या वर्षांच्या शेजारात माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

सदुभाऊंनी मोटार रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. त्यांनी हात वर करून आतला दिवा लावला, वहिनीकडे वळले आणि सावकाश म्हणाले, "फुलं आली. मस्त वास येऊन राहिला."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "नाक आहे मला."

सदुभाऊ हसले. दिवा विझवला, मोटार निघाली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा थांबली, पुन्हा दिवा. "मागे मास्तर झोपले का पाहा." ती वळून बघून म्हणाली, "जागे आहेत." मोटार निघाली.

आणखी एकदा थांबले तेव्हा त्यांना सांगायला काही सुचेना. ते नुसतेच तिच्याकडे बघत राहिले. वहिनी त्यांच्या ओठांवर नजर ठेवून वाट बघत होती. मग तिनंच सुरुवात केली. भाचीचं सासर, तिच्या सासूचा तोरा, आईची जुनी पाटली, लहानपणी याच सीटवरून ती कशी घसरून पडली होती ते. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मागून कापसाची बैलगाडी आली, गाडीवान काहीतरी ओरडला आणि बाजूनं निघून गेला. सदुभाऊ मान हलवत होते, मध्ये मध्ये तोंड पुढे करून "हो का?" म्हणत होते.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेरच्या बागा आता काही दिसत नव्हत्या. काचेत ते दोघंच दिसत होते.