टेकडीवर हरवलेली ताटली

यज्ञेश्वरराव पेंडशांनी एक साधा निर्णय घेतला होता: टेकडीवर प्लास्टिक चालणार नाही. मग तो बिस्किटाचा पुडा असो, नाहीतर आयटीतल्या पोरांच्या उडत्या चकत्या. बँकेतून निवृत्त झाल्यापासून टेकडीवरच्या झाडांना पाणी घालणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. (निवडणूक झाली नव्हती. कोणी नको म्हटलं नव्हतं, एवढंच.)

"काका, याला डिस्क गोल्फ म्हणतात," पोरांतली हेमा म्हणाली. "चकती फेकून त्या साखळ्यांच्या बास्केटमध्ये पाडायची. झाडं तोडायची नाहीत, गवत कापायचं नाही. टेकडी आहे तश्शी राहते."

"आणि चकती हरवली की तीही आहे तश्शी राहते. शंभर वर्षं!"

"एकदा फेकून तर बघा!"

रावांनी नाक मुरडत फेकली. साखळ्या खळ्ळकन वाजल्या आणि चकती थेट बास्केटमध्ये! झालं. माणूस कामातून गेला.

पण नियम म्हणजे नियम, त्यातून स्वतःचा. दुसऱ्या दिवशी रावांनी स्वयंपाकघरातून स्टीलची काठाची ताटली पिशवीत घातली आणि सकाळी सकाळीच टेकडी गाठली. ती बायकोच्या, म्हणजे सुहासिनीबाईंच्या, माहेरच्या सेटमधली उरलेली एकुलती एक होती, त्यांच्या आईचं नाव कोरलेली. (वाढलेल्या ताटलीच्या तळाशी काय कोरलंय, हे कोण बघतं?) रावांनी बास्केटकडे नेम धरला. ताटली झक्क उडाली, उन्हात चमकली, मधेच काय वाटलं कोणास ठाऊक, डावीकडे वळली आणि घाणेरीच्या झुडपांत गडप झाली.

घरी आल्यावर सुहासिनीबाई रडकुंडीला आलेल्या. "अहो, आईची ताटली सापडत नाहीये! रविवारी दादा-वहिनी जेवायला येणार. आईची तेवढीच आठवण उरलीय माझ्याकडे."

रावांनी रिकामी पिशवी पाठीमागे लपवली. "मिळेल गं. जाते कुठे!" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते घाणेरीत रांगत होते. फिरायला आलेले माधवराव थबकले. "काय हो पेंडसे, काय शोधताय?"

"कचरा!" रावांच्या तोंडून निघून गेलं.

"शोधावा लागतो होय? आम्हाला आपोआप दिसतो." असं म्हणून माधवरावही वाकले. त्यांच्यामागून मंडळ आलं, मंडळामागून पोरं आली. पोती भरली. बाटल्या, पिशव्या, एका पायातली चप्पल, सगळं निघालं. ताटली सोडून. जो तो म्हणायला लागला, अध्यक्ष असावा तर असा!

शनिवारी कौतुक बघायला सुहासिनीबाई स्वतः आल्या. "घरात स्वतःचं ताट उचलत नाही, आणि इथे लोकांचा कचरा उचलताय! मला खरंच अभिमान वाटतो हो तुमचा."

सबंध संसारात हे वाक्य रावांनी पहिल्यांदा ऐकलं. ते हरखले, आणि लगेच हबकले. ताटली मिळाली नाही तर बायको रडणार, आणि मिळाली तर हा अभिमान जाणार. देवा, काय करू!

तेवढ्यात सुहासिनीबाईंनीच झुडपात हात घातला. "अहो! ही तर आईची ताटली! इथे कशी आली?"

"माकडांनी..." राव पुटपुटले.

"आपल्या टेकडीवर? माकडं?"

"काकांचा स्टीलचा थ्रो ना तो?" हेमा निरागसपणे म्हणाली. "मी लांबून पाहिला होता. पण काका, बास्केट तर तिकडे आहे."

सुहासिनीबाईंनी बास्केटकडे पाहिलं, झुडपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. रावांनी मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं. बाईंनी पदराने ताटली पुसली, छातीशी धरली.

"जावई पानात टाकतो, एवढंच आईला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बिचारीला काय कल्पना, तो ताटलीच टाकेल!"

त्यानंतर मंडळाने नियम बदलला. चकत्या चालतील, पण ज्याची हरवेल त्याने ती सापडेपर्यंत शोधायची, आणि वाटेत दिसेल तो कचरा पोत्यात भरायचा. बाकीच्यांची चकती क्वचित हरवते. रावांची रोज हरवते, आणि रोज नव्या झुडपात. आता टेकडीच्या उतारावर कागदाचा कपटासुद्धा सापडत नाही.

परवा हेमाला दया आली. "काका, मनगट असं वळवा. दोन दिवसांत शिकवते तुम्हाला."

"नको गं बाई," झाडाला पाणी घालता घालता सुहासिनीबाई म्हणाल्या. "यांचा नेम बसला, तर टेकडी साफ कोण करणार?"